खिडकीकडची लाल रेघ

मित्रांनो, पाय पुसून आला असाल तर बसा. मी एक जुनी मॅट आहे. मारामारी शिकवणाऱ्या वर्गातली, हिरव्या कॅनव्हासची, चारी कडांना जाड दोऱ्याची शिवण असलेली. माझी गोष्ट सांग म्हणून कुणी माझ्या मागे लागलेलं नाही, पण मनात साचलेलं कधीतरी बाहेर काढावं लागतं. एक आधीच सांगून ठेवते. मी काही फार गुणाची नाही. माझं निम्मं आयुष्य कष्टात गेलं आणि उरलेलं जळण्यात. खोटं कशाला बोलू, दोन्ही सांगते.

माझा जन्म तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात झाला. पोटात नमदा, म्हणजे लोकरीचे थर दाबून केलेला जाड पट्टा, आणि वर कॅनव्हासची खोळ. एक बाई माझ्यावरच मांडी घालून बसायची आणि दाभणाने माझी कड शिवायची. शिवून झाल्यावर तिने उठून टाच आपटून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "ही भलतीच कडक झाली गं. हिच्यावर कुणाला झोप यायची नाही."

"झोपायला घेतंय कोण तिला?" शेजारीण म्हणाली.

ती माझी पहिली स्तुती. मी कडक आहे याचा मला तेव्हापासून अभिमान वाटतो. नको तितका वाटतो, हे पुढे कळेलच.

मला विकत घेतलं ते कराटे शिकवणाऱ्या सरांनी. दिवसभर ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि संध्याकाळी वर्ग घ्यायचे. वर्गाची जागा म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याचा लांबलचक हॉल. उंच खिडक्या, फरशीवर न निघणारे शाईचे डाग, आणि जिथे यंत्रं उभी होती तिथे बोल्टांची भोकं. सरांनी मला अंथरलं, खिशातून घडीची पट्टी काढली आणि गुडघ्यांवर बसून मापं घेतली. मग लाल चिकटपट्टीच्या दोन रेघा माझ्या अंगावर चिकटवल्या. एक दाराकडे, एक खिडकीकडे, मध्ये चार हात अंतर. चष्म्याच्या काचेत चूक चालत नाही, तशी रेघेतही चालत नाही, असं ते म्हणायचे. रेघ लावून झाली की दूर जायचे, एक डोळा मिटून बघायचे, परत येऊन केसभर सरकवायचे. मला गुदगुल्या व्हायच्या.

त्या रेघा म्हणजे सरांची सगळी शिकवण होती. त्यांच्या प्रकारात अंगावर नेमका फटका बसला की पंच "थांबा" म्हणतो, गुण देतो, दोघंही आपापल्या रेघेवर परत जातात आणि तिथून पुन्हा सुरुवात. सर रोज तेच घोकून घ्यायचे. "मारलं की मागे. हात खाली, पाठ ताठ, आपल्या रेघेवर." शंभर वेळा पुढे, शंभर वेळा मागे. जो पोरगा रेघेवर न जाता तिथेच नाचत राहायचा, त्याला सर घरी पाठवायचे. हाणणं कुणालाही येतं, हाणून झाल्यावर शहाण्यासारखं परत यायला शिकावं लागतं, असं त्यांचं मत. माझंही तेच मत होतं. माझ्याकडे परत येणारी माणसं मला का आवडू नयेत?

आणि सगळ्यांत चांगली परत यायची ती इस्त्री.

इस्त्री ही सरांची सख्खी भाची. वर्गात त्यांना सर म्हणायची, घरी मामा. मागच्या गल्लीत तिचं आणि तिच्या आईचं धुलाईचं दुकान होतं. तिच्या पांढऱ्या विजारीची घडी इतकी धारदार असायची की पोरांनी तिला हे नाव ठेवलं, आणि पुढे तिची आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागली. पंधराव्या वर्षी ती माझ्यावर पहिल्यांदा उभी राहिली. दिवसभर तापलेल्या दुकानात उभं राहून तिचे तळवे ऊनऊन असायचे. कडाक्याच्या थंडीतही तिचा पाय पडला की मला बरं वाटायचं. खिडकीकडची रेघ तिची. उजव्या पायाची लाथ अशी सुटायची की समोरच्याला ती दिसायची नाही, फक्त लागायची. आणि मग हात खाली, पाठ ताठ, वळून दोन पावलं, आपल्या रेघेवर. नऊ वर्षं. त्या दोन पावलांवरून मी तिला डोळे मिटूनही ओळखलं असतं.

वर्ग सुटल्यावर मला पुसायची तीच. पिळलेल्या फडक्याने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, शिवणीच्या खाचेतसुद्धा बोट घालून. एकदा माझी कड उसवली, तर तिने आईच्या डब्यातली मोठी सुई आणून स्वतः टाके घातले. टाके वेडेवाकडे होते, पण अजून टिकून आहेत. मला वाटायचं, ही माझीच. तिचा मामा तिच्या आईचा भाऊ असेल, पण वाढवली मी.

असं सगळं बरं चाललेलं असताना ती गादी आली.

झालं असं की, कुस्ती शिकवणाऱ्या एका वस्तादांच्या जागेचं छप्पर गळायला लागलं आणि हॉलच्या मालकाने त्यांना आमच्या हॉलचा अर्धा भाग दिला. वस्ताद अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यांच्याबरोबर त्यांची गादी आली. निळी, मध्ये पिवळं वर्तुळ, सहा बोटं जाड, गालफडं फुगवल्यासारखी. मला सहा माणसांनी उचललं होतं, तिला सोळा लागली. जो येईल तो वाकून तिला दाबून बघायचा आणि "काय मऊ आहे हो" म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मऊ असणं हे काय कौतुकाचं काम आहे? लोणीही मऊ असतं. त्यावर कुणी उभं राहतं का?

ती फार काही बोलायची नाही. आल्या दिवशी एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्यावर लोक पडत नाहीत वाटतं?"

"आमच्याकडे पडायची पद्धत नाही," मी म्हणाले, आणि तोंड फिरवलं. मॅटला तोंड नसतं, पण मी फिरवलं.

हॉल एक झाला तसे रविवारी सकाळी खुल्या लढती सुरू झाल्या. शहरातल्या वेगवेगळ्या वर्गांची माणसं यायची आणि आपापल्या विद्येनिशी एकमेकांशी भिडायची. बॉक्सिंगवाले, लाथांचे वर्ग, ज्यूदोवाले, कुस्तीवाले. फटका पूर्ण ताकदीने, मध्ये थांबणं नाही. निम्म्या लढती माझ्यावर, निम्म्या तिच्यावर. माणसं चेहरे बघून पैजा लावायची, कोण जिंकणार ते मी तळव्यांवरून ओळखायचे. बॉक्सर पाऊल उचलतच नाही, सरकवतो. लाथवाला लांब उभा राहिला तर त्या बॉक्सरला हैराण करतो, पण बॉक्सर एकदा आत घुसला की लाथवाल्याचे पाय नुसते अडचणीचे होतात. ज्यूदोवाल्याच्या हाताला अंगातला कपडा लागला तर समोरचा गेलाच समजा, आणि समोरचा उघड्या अंगाने आला तर बिचारा धरायला काही शोधत बसतो. पण बहुतेक वेळा गोष्ट एकाच जागी येऊन संपायची. कुणीतरी कुणालातरी मिठी मारायचा, दोघं खाली यायचे, आणि खाली आले की कुस्तीवाल्याचं राज्य. आणि लाथ म्हणजे तर काय, समोरच्याला आपला एक पाय आपणच हातात देणं.

आमच्या वर्गातला सगळ्यांत जुना विद्यार्थी एका रविवारी अकरा आकडे मोजेपर्यंत चीत झाला. त्याने लाथ मारली, समोरच्याने ती बगलेत धरली आणि दुसरा पाय काढून घेतला. सर घरी जाताना चष्मा पुसत राहिले. गादी त्या दिवशी काही बोलली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

त्याच सुमारास बातमी आली की दोन महिन्यांनी आमच्या हॉलमध्ये मोठी खुली स्पर्धा आहे, आणि बायकांमध्ये जी जिंकेल तिला सरकारी क्रीडा केंद्रात प्रशिक्षक म्हणून घेणार. इस्त्रीच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. दहा वर्षं ती लोकांच्या शर्टांच्या घड्या करत होती. उजव्या मनगटावर चटक्यांचे डाग होते. ती नोकरी तिला हवी होती, आणि हवी होती म्हणजे किती, ते तिच्या तळव्यांवरून मला समजत होतं.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती थांबली.

"सर, मला पडता येत नाही."

"पडायचंच कशाला?" सर म्हणाले.

"मला पडायचं नसलं तरी समोरची पाडणार ना. वस्तादांकडे दोन महिने जाऊ का?"

सरांनी चष्मा काढला, काचा तपासल्या, परत घातला. "नऊ वर्षांत मी काही शिकवलं नाही वाटतं."

"तसं नाही हो, मामा."

हॉलमध्ये तिने त्यांना मामा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनीही ऐकलं. "जा," ते म्हणाले, "पण आधी इथला सराव करून जायचं." आणि दिवे मालवायच्या आधीच निघून गेले. आमच्या दोघांच्याही पोटात एकाच वेळी दुखलं, पण त्यांना निदान घरी जाता येत होतं.

मग सुरू झालं माझं जळणं. तीन हातांवर ती गादी, आणि तिच्यावर माझी पोर. पडतेय, लोळतेय, उठतेय, हसतेय. माझ्यावर कधी ती इतकी हसली नव्हती. वस्ताद ओरडायचे, "मान आत घे, हनुवटी छातीला," आणि ती धप्पकन पडून पुन्हा उभी. तिच्या केसांची एक पिन गादीच्या फटीत अडकली, तर ती गादी आठवडाभर मिरवली. आणि पुसायचं काम? आधी गादी पुसायची, मग त्याच फडक्याने मला. गादीचा घाम माझ्या अंगावर. मित्रांनो, तुम्हाला कुणी भावंडाच्या उष्ट्या ताटात वाढलंय का? तसं वाटायचं.

वस्तादांनी मात्र एक गोष्ट पकडली. सरावात तिची लाथ त्यांच्या एका पठ्ठ्याच्या पोटावर अशी बसली की तो कळवळला. आणि ती वळली, हात खाली, दोन पावलं, आणि येऊन माझ्या कडेशी उभी राहिली. पठ्ठ्याने मागून येऊन तिला अलगद उचललं.

"पोरी, तुझी लाथ नंबरी आहे," वस्ताद म्हणाले. "पण मारून झाल्यावर तू जातेस कुठे?"

"कुठे? जागेवर."

"कुणी सांगितलं?"

ती स्वतःशीच हसली. "सांगायला लागत नाही. पायच जातात."

वस्ताद सरांकडे आले. त्यांचा मोठा आवाज त्या दिवशी लहान झाला होता. "सर, तुमच्या त्या रेघा तेवढ्या काढा. स्पर्धा होईपर्यंत तरी. पोरीच्या पायांना ती जागा दिसतेय तोवर ते तिकडेच ओढ घेणार. माझ्या गादीवर पंच थांबा म्हणत नाही."

सरांनी टेबलाच्या खणातून पत्र्याची खरवडणी काढून इस्त्रीच्या हातात दिली. "तुला काढायच्या असतील तर तूच काढ. मी नाही काढणार."

ती माझ्यावर गुडघे टेकून बसली. दाराकडची रेघ आधी घेतली. ती चर्रर्र करून निघाली. मग ती खिडकीकडे आली. मित्रांनो, आता मी जे सांगते त्याची मला लाज वाटते. मी ती रेघ धरून ठेवली. नमद्यातला धागा न् धागा आवळला, जुना गोंद दाताखाली धरावा तसा धरला. ती खरवडत होती आणि मी मनात म्हणत होते, नाही सोडणार. जा तिकडे, लोळ त्या फुगीरवर, पण ही खूण माझी आहे. टोकाचा बोटभर तुकडा फाटला, बाकी रेघ तशीच. ती थोडा वेळ तळवा रेघेवर ठेवून बसली. मग म्हणाली, "राहू दे. हिला नाही निघायचं."

सरांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं मला दिसलं. मी तर फुलून गेले. शेजारी पाहिलं आणि म्हटलं, "बघितलंस?" गादी म्हणाली, "बघितलं, ताई. पण तिचं कसं होणार?"

स्पर्धेच्या दिवशी हॉल माणसांनी भरला. शेवटची लढत गादीवर. माझ्यावर पंचांचं टेबल आणि खुर्च्या, पण खिडकीची बाजू मोकळी होती, लाल रेघ दिसत होती. इस्त्रीसमोर जी होती ती गॅसच्या गोदामात सिलिंडर उचलायची. मान अशी की ती डोक्याला सुरू होते की खांद्यांना, सांगता येऊ नये. कुस्तीत मुरलेली. पहिल्या फेरीत तिने इस्त्रीला दोनदा खाली घेतलं, आणि दोन्ही वेळा इस्त्री मान आत घेऊन पडली, फिरली, सुटून उठली. खरं बोलायचं तर तो गादीचा उपकार होता. माझ्या भरवशावर असती तर पहिल्याच वेळी संपली असती.

दुसऱ्या फेरीत ती संधी आली. सिलिंडरवाली वाकून आत येत होती आणि इस्त्रीची उजवी टाच तिच्या बरगड्यांवर बसली. आवाज माझ्यापर्यंत आला. ती कमरेत दुमडली, तिचे हात खाली गेले, हॉल उभा राहिला. अजून एक फटका, अजून एकच, आणि नोकरी, केंद्र, सगळं इस्त्रीचं होतं.

इस्त्रीने हात खाली घेतले. पाठ ताठ केली. आणि वळली.

मित्रांनो, ती माझ्याकडे वळली. तिची नजर थेट त्या रेघेवर होती. एक पाऊल टाकलं. मी आयुष्यभर ज्या पावलांची वाट पाहिली तीच ही पावलं, आणि मी पहिल्यांदाच ओरडले की येऊ नकोस. मॅटचं कोण ऐकतं? दुसरं पाऊल पडायच्या आत मागून दोन हात तिच्या कमरेभोवती आले. ती वर गेली, आडवी झाली आणि खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ते हाड मोडलेलं गादीने अंगावर झेललं, आणि गादी त्या दिवशी रडली. मी कोरडी होते, कारण मला रडायचा हक्क वाटत नव्हता.

तीन महिने इस्त्री आली नाही. हात गळ्यात होता, दुकान तिच्या आईने एकटीने ओढलं. सर वर्गाला यायचे, पण "मारलं की मागे" म्हणताना त्यांचा आवाज अडखळायचा. मला कुणी पुसत नव्हतं. धूळ बसली, कुणीतरी बुटांसकट माझ्यावरून चालत जाऊन खिडकी लावली. मला तीच शिक्षा हवी होती.

मग एका दुपारी ती आली. डाव्या हातात दुकानातली इस्त्री, खांद्यावर ओला पंचा. सर आणि वस्ताद दोघंही हॉलमध्ये होते.

"मामा, वायर लावा जरा," ती म्हणाली. "पंचा रेघेवर पसरा. आता वरून फिरवा. दाबू नका, नुसती ऊब लागू द्या. गोंद आहे, ऊबेने सुटतो. कपड्यांवरची लेबलं मी रोज अशीच काढते."

सर हातातली गरम इस्त्री तशीच धरून थांबले. "रोज काढतेस? मग त्या दिवशी खरवडत का बसलीस?"

तिने खाली पाहिलं. "काढायची नव्हती म्हणून."

"मलाही," सर म्हणाले. मग म्हणाले, "चूक माझी आहे, बाळा. खरवडणी तुझ्या हातात द्यायला नको होती."

"आता द्याल ती ऊब नीट द्या," ती म्हणाली. "कॅनव्हास करपेल."

मी ऐकत होते. म्हणजे मी धरून ठेवलं होतं असं मला जे इतके दिवस वाटत होतं, ते काहीच नव्हतं. माझ्यात कुठली आली एवढी ताकद? तिलाच सोडवत नव्हतं, आणि मी तिकडे माझ्या जळफळाटात फुशारकी मारत होते. ऊब लागली तशी रेघ सुटत गेली. सरांनी ती एका दमात ओढून काढली. मी धरली नाही. खाली नऊ वर्षांपूर्वीचा माझा खरा रंग निघाला, गर्द हिरवा. मलाच ओळखू येईना.

"अरेच्चा," वस्ताद म्हणाले, "ही तर आता हिरवी रेघ झाली." आणि कितीतरी दिवसांनी तिघंही हसले. पण रेघ तर राहिलीच होती. त्यावर उपाय वस्तादांनीच काढला. त्यांची गादी गुळगुळीत फरशीवर सरकायची आणि बोल्टांच्या भोकांपाशी खचायची. तिच्या खाली काहीतरी कडक हवं होतं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "कडक म्हणाल तर हिच्यासारखी नाही मिळणार."

तेव्हापासून मी गादीच्या खाली आहे. दोन्ही वर्ग आता एकत्र चालतात. सर लाथा शिकवतात, वस्ताद पडायला शिकवतात, आणि मारून झाल्यावर काय करायचं यावर दोघं अजून भांडतात. अंधार आहे, ओझं आहे, आणि लोक आले की अजूनही वरचीच स्तुती करतात. मला अजूनही थोडं लागतं. गादी म्हणते, "ताई, तुम्ही खाली आहात म्हणून मी सरकत नाही." हे ती मन राखायला म्हणते का खरंच म्हणते, ते मला अजून समजलेलं नाही.

मित्रांनो, मॅटवर बूट घालून चढू नका. ओली असताना गुंडाळू नका. शिवण उसवली तर वेळेवर टाके घाला, वेडेवाकडे का होईनात. आणि तुमचं माणूस दुसऱ्याकडे काही शिकायला निघालं, तर त्याला अडवू नका. पोटात दुखलं तर दुखू द्या.

काल संध्याकाळी इस्त्री वर सराव करत होती. पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. जाडजूड गादीतूनही तिच्या तळव्यांची ऊब माझ्यापर्यंत पोचते, हे मी गादीला सांगितलेलं नाही. तिची टाच सुटली, समोरच्याला बसली, आणि मी सवयीने ती दोन पावलं मोजायला तयार झाले. ती आली नाहीत. पावलं पुढे गेली, एक, दोन, तीन, माझ्यापासून लांब, पार गादीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मी ती सगळी मोजली.